भिंतीकडचा डोळा

कान्होजी शेडगे माशांचे डोळे करत. दुसरं काही करत नसत.

हे मला शिकारखान्याच्या चौकीदारानं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. १९४९ सालचा ऑक्टोबर होता. मी नुकताच बी. ए. झालो होतो, मराठी वाङ्मय घेऊन. नोकरी मिळाली ती अक्षर चांगलं म्हणून. ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची संस्थानं एक होऊन मध्य भारत झाला होता. जुन्या संस्थानातल्या एकेका वस्तूची यादी चालली होती. कोणती वस्तू दरबारची खाजगी, कोणती नव्या सरकारची. कुणाच्या वाट्याला तबेले आले, कुणाच्या वाट्याला भांडी. माझ्या वाट्याला शिकारखाना आला.

लांब दालन होतं. भुसा भरलेले वाघ, सांबरं, एक मगर. शेवटच्या भिंतीवर अरुंद लाकडी पाट्यांवर बसवलेले एकतीस मासे. सगळे गळानं धरलेले, सगळे मोठे. पाहुणे येत, नदीवर मुक्काम पडे, मासा लागे, आणि तो इथे येऊन भिंतीवर चढे.

यादी सांगायला भटनागर साहेब होते. प्राणिशास्त्राचे जाणकार, नव्या मत्स्य विभागाचे अधिकारी. स्वभावानं वाईट नव्हते. ते हिंदीत सांगत, मी हिंदीत लिही. सतराव्या माशाची कडी तुटलेली होती, म्हणून शिपायानं तो टेबलावर आणून ठेवला. मोठा महाशीर होता. तोंड उजवीकडे, खवले रुपयाएवढे, डोळा सोनेरी. शिपायानं तो उलटा केला. मागच्या बाजूला पोटाजवळ टाके होते. वर डोळा होता. तो सोनेरी नव्हता. करडा, थोडा हिरवा, थोडा निळा; घारा.

भटनागर साहेब हसले.

"इधर सुनहरी, उधर कंजी! कारीगर के पास एक ही आँख बची होगी। लिखिए, आँख ग़लत लगी है।"

मी लिहिलं. त्या दिवशी माझं अक्षर विशेष छान आलं होतं.

साहेब गेल्यावर मासा परत लावायचा होता. एक गोष्ट मला खटकली. चुकीचा का होईना, मागे डोळा होताच कशाला? ती बाजू भिंतीला. तिथे कोण बघणार? मी शेजारचा मासा पाटीसकट उचलून मागे पाहिलं. डोळा होता. त्याच्या शेजारचा. डोळा होता. तीन दिवस मी दुपारच्या सुट्टीत एकेक मासा उतरवत होतो. एकतीसच्या एकतीस माशांना भिंतीकडच्या बाजूला डोळा होता. काचेचा, पुढच्याइतकाच काळजीनं रंगवलेला. काही मासे वीस वर्षांहून जास्त भिंतीवर होते. कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिथल्या एका खोक्यावर बसून राहिलो. चार वर्षं मी कॉलेजात पुस्तकं वाचली होती. असं काही वाचलं नव्हतं.

मग चौकीदाराला विचारलं, हे कुणी केलं. तेव्हा तो म्हणाला, "शेडगे जी ने। दौलतगंज में रहते हैं। मछलियों की आँखें बनाते हैं, और कुछ नहीं करते।"

*

दौलतगंजात शेडग्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि रस्त्यावर उघडणारी एक मोठी खिडकी. दार त्यांच्या पत्नी विजयाबाईंनी उघडलं. मी नाव सांगितलं, भालचंद्र, नई सडकेवर राहतो, यादीच्या दफ्तरात आहे. त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, सरकार आलंय. बनियन घाला."

कान्होजी बाहेर आले. सेहेचाळीस वर्षांचे, उंच, वाकलेले. आजोबा दक्षिणेतून घोड्यावर आले होते, बाप पायदळात होता, आणि हे डोळ्यांत आले, असं ते स्वतःच सांगत. शिकारखान्याचा कारखाना बंद झाला होता. तिथली माणसं घरी बसून हुकमाची वाट बघत होती. कान्होजींना वाटलं, हुकूमच आला.

मी तोंड उघडण्याआधी ते म्हणाले, "इकडे या जरा. खिडकीत."

मी गेलो. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिले. मग आत हाक मारली. "अहो, या इकडे. मी तर एकवीस वर्षं सांगून राहिलोय, हाच रंग होता. अगदी हाच."

विजयाबाईंनी पदराला हात पुसत येऊन माझे डोळे पाहिले.

"तुम्ही कोकणस्थ का हो?"

"हो."

"म्हणजे तो मासा कोकणस्थ होता म्हणायचा," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

मला पुढे बोलणं कठीण झालं. पण सांगितलं. सतरा नंबरचा महाशीर, मागचा डोळा, यादीत काय लिहिलं ते.

कान्होजी खाटेवर बसले.

"तुम्ही लिहिलंत?"

"साहेबांनी सांगितलं."

"डोळे तुमचे, हात तुमचा. साहेबांचं काय होतं त्यात? तोंडच फक्त."

ते रागावलेले दिसले नाहीत. खिडकीबाहेर एक सायकल दुरुस्त होत होती, तिच्याकडे बघत होते.

मग मला कळलं की मी काय लिहून बसलो होतो. नव्या सरकारात प्रतिकृती आणि नमुने तयार करणाऱ्या कारागिराचं एकच पद ठेवायचं ठरलं होतं. इंदूरकडे एक माणूस होता, ग्वाल्हेरकडे कान्होजी. कोणाला ठेवायचं ते समिती ठरवणार होती, आणि समितीपुढे माणसं जाणार नव्हती, कागद जाणार होते. कान्होजींचा कागद म्हणजे ती यादी. एकतीस माशांत एक शेरा, तोही डोळ्याबद्दल.

"पद मिळेल न मिळेल," ते म्हणाले. "पण तेवढी एक ओळ काढा बुवा. डोळा चुकलेला नाही. मासाच तसा होता."

"तेव्हाचे कागद नाहीत काही?"

"प्रत्येक माशाचं कार्ड होतं. कपाटात ठेवलेली. लढाईच्या दिवसांत वाळवी लागली. कपाटच राहिलं."

निघताना मी विचारलं, "भिंतीकडचा डोळा कशाला करत होतात?"

ते माझ्याकडे असं बघू लागले की जणू मी काही तरी अशिष्ट बोललो.

"मग काय, काणा ठेवू?"

*

त्या हिवाळ्यात मी दौलतगंजात बराच गेलो. आधी अपराधी वाटत होतं म्हणून, नंतर सवयीनं. ते मला 'बीए' म्हणत. मी त्यांना काका म्हणू लागलो.

त्यांनी मला काम दाखवलं. मासा नदीबाहेर आला की बाकीचे लोक त्याची लांबी मोजत, फोटो काढत, एकमेकांची पाठ थोपटत. कान्होजी वाळूत माशाशेजारी आडवे होत. त्याच्या डोळ्याशी डोळा आणून कार्डावर रंग उतरवून घेत. वेळ थोडा असे.

"सोनं आधी जातं," ते म्हणाले. "मग तांबूस जातं. शेवटी सगळं दुधासारखं होतं. चुन्याची गोळी. मेलेल्या माशाकडे बघून डोळा करणारे पुष्कळ आहेत. ते सगळे माशांना चष्म्याच्या काचा लावतात."

मग कारखान्यात काम होई. अर्धगोल काचा सराफा बाजारात खडे घासणाऱ्याकडून घासून आणायच्या. रंग काचेच्या मागच्या सपाट बाजूला. म्हणजे सगळं उलटं काम. जे सगळ्यात पुढे दिसायचं ते सगळ्यात आधी रंगवायचं. आधी काळी बाहुली, मग तांबूस कड, मग तिच्यामागे वर्ख. महाशीराला ते सोन्याचा वर्ख लावत. खरं सोनं.

"देवाच्या मूर्तीला लावतात तेवढंच. थोडं कमी."

विजयाबाई आतून म्हणाल्या, "माशाला सोनं मिळालं. माझ्या बांगड्या पितळेच्या."

"तुम्ही पाण्यात राहत नाही."

"तुमच्याबरोबर राहते, ते कमी आहे काय?"

महाशीराला ते खडस म्हणत. दक्षिणेत हाच शब्द, असं सांगत. त्यांनी दक्षिण कधी पाहिली नव्हती. त्यांच्या वडिलांनीही नाही.

सतरा नंबरचा खडस १९२८ सालचा. कूनो नदीतल्या एका डोहातला. तो बाहेर आला तेव्हा उजवी बाजू वर होती. कान्होजींनी उजवा डोळा उतरवून घेतला. मग रिवाजाप्रमाणे मासा उलटा केला. त्यांचा स्वतःचाच रिवाज, दुसरं कुणी तसं करत नसे. आणि डावा डोळा घारा निघाला. स्वच्छ, पाणीदार. आजारी नाही, फुटलेला नाही. त्यांनी वर बघून हाक मारली. पण पाहुणे जेवायला बसले होते.

"कुणीच पाहिला नाही?"

"मी पाहिला ना."

*

मार्चमध्ये मी कान्होजींना भटनागर साहेबांकडे घेऊन गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेडगे जी, मैंने नर्मदा से गंगा तक महाशीर देखे हैं। ऐसा नहीं देखा। आप दिखा दीजिए, मैं लिख दूँगा।"

"दाखवतो," कान्होजी मराठीतच म्हणाले.

"ज़िंदा।"

"मेलेला मी तुम्हाला दाखवणारही नाही."

मी भाषांतर केलं नाही. साहेबांना कळलं होतं.

एक अडचण होती. मध्य भारताला राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. अठरा एप्रिलला साहेबांचं दफ्तर खोक्यांसकट इंदूरला निघणार होतं. समितीची बैठक तिथेच होती. अठराच्या आत मासा यायला हवा होता.

मी नऊ दिवसांची रजा काढली. आम्ही दहा तारखेला श्योपूरच्या छोट्या गाडीत बसलो. ती गाडी म्हणजे खेळणं. चढ आला की तरुण पोरं उतरून बरोबर चालत आणि पुन्हा चढत. बरोबर एक मोठं मडकं होतं, दोन रिकामे पत्र्याचे डबे होते, आणि विजयाबाईंनी दिलेल्या दशम्या.

डोहावर एक म्हातारा केवट होता, नावाडी. कान्होजींनी त्याला माझ्यापुढे उभं केलं, माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ऐसी आँख की मछली देखी है?

केवटानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"कंजी? हाँ, निकरत है। दो-चार तो हर साल।"

कान्होजी खाली वाळूत बसले. मग म्हणाले, "बाईस साल में किसी को बताया क्यों नहीं?"

"काऊ ने पूछी कब?" केवट म्हणाला.

मासा मोठा नको होता, मडक्यात मावेल असा हवा होता. केवट जाळं टाकी, आम्ही एकेक मासा ओंजळीत घेऊन दोन्ही बाजू बघू आणि सोडू. पहिल्या दिवशी सगळे सोनेरी. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक सापडला. दोन्ही डोळे घारे. मी ओरडलो. कान्होजींनी तो पाहिला, हसले, आणि पाण्यात सोडून दिला.

"काका!"

"दोन्ही घारे असले तर साहेब म्हणेल, ही जातच वेगळी. माझ्या माशाचा एक सोनेरी आहे. एक हवा."

"आज तेरा तारीख आहे. हा पण मोठा पुरावा झाला असता."

"बीए, मला पुरावा नकोय. तो मासा हवाय."

चौदा गेली. पंधरा गेली. केवट आम्हाला वेडे समजू लागला होता, पण जेवायला बोलवत होता. सोळा तारखेला संध्याकाळी, ऊन उतरताना, कान्होजींनी ओंजळीत एक वीतभर मासा उचलला, उजवीकडून पाहिला, हात फिरवला, डावीकडून पाहिला. मग माझ्याकडे धरला.

उजवीकडे सोनं. डावीकडे मी.

*

मडक्यातलं पाणी उभं राहिलं तर मासा गुदमरतो. पाणी सतत हलतं ठेवावं लागतं. कान्होजी उजवा हात मडक्यात घालून बसले ते गाडीत आणि गाडीबाहेर, दोन रात्री आणि दीड दिवस. हात दुखला की मी घाली. पण माझ्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. "ढवळू नका, थोपटा," ते म्हणत. "कढी नाही ती."

डब्यांत नदीचं पाणी होतं, ते थोडं थोडं बदलत होतो. गाडीतल्या बायका पुढे येऊन आत डोकावत. एकीनं विचारलं, "पिरसाद है का?" दुसरी म्हणाली, "इत्ती-सी मछरिया, और दो-दो मरद!" तिकीट बघणारा आला. त्यानं मडक्यात पाहिलं, कान्होजींच्या हाताकडे पाहिलं. हात पांढरा पडून सुरकुतला होता.

"इलाज करवाने ले जा रहे हो?"

"आँख दिखाने," कान्होजी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि पुढे गेला.

कैलारसच्या पुढे इंजिन दोन तास उभं राहिलं. मी घड्याळ बघत होतो. कान्होजी पाणी थोपटत होते. मी म्हणालो, तो घाऱ्या डोळ्यांचा तेरालाच घेतला असता तर. ते म्हणाले, "तर काय? वेळेवर चुकीचा मासा पोचला असता."

अठराला दुपारी तीनच्या सुमारास गाडी ग्वाल्हेरला लागली. छोट्या गाडीचं ठाणं मोठ्या स्टेशनाला लागूनच आहे. पलीकडच्या फलाटावर मेल उभी होती, आणि फलाटभर खोकी, कपाटं, गासड्या, शिपाई. सरकार गाडीत चढत होतं.

आम्ही मडकं दोघांत धरून पळालो. पळालो म्हणजे भरभर चाललो. कान्होजी पाणी सांडू देत नव्हते. भटनागर साहेब डब्याच्या दारात उभे राहून पान लावत होते. आम्हाला पाहून खाली उतरले. मडक्यात वाकून पाहिलं.

"अंधेरा है। कुछ दिखता नहीं।"

हे आम्हाला सुचलंच नव्हतं. जन्मभर उजेडात डोळे बघणाऱ्या माणसानं आपला मासा मडक्यात आणला होता.

कान्होजी गुडघ्यावर बसले. दोन्ही हात पाण्यात घातले.

"बीए, मोजा. सहापर्यंत."

त्यांनी मासा वर घेतला. मी मोजू लागलो. एक, दोन, तीन, उजवा डोळा साहेबांसमोर. हात फिरला. चार, पाच, सहा, डावा. मासा परत पाण्यात.

साहेबांनी चष्मा काढला. "एक बार फिर।"

"नाही," कान्होजी म्हणाले. "आधी त्याला श्वास घेऊ द्या."

गार्ड शिट्टी वाजवत होता. शिपाई साहेबांना हाका मारत होते. आम्ही तिघं मडक्याभोवती बसून एका वीतभर माशाला दम यायची वाट बघत होतो. मग कान्होजींनी त्याला पुन्हा वर घेतलं. या वेळी साहेब इतके वाकले की त्यांचं नाक माशाला लागेल असं वाटलं.

"है," ते म्हणाले. एवढंच.

मग झरझर बोलू लागले. यादी खोक्यात होती, खोकं गार्डच्या डब्यात. तिची प्रत समितीकडे आधीच गेली होती. मासा त्यांना द्यावा, ते औषधी पाण्याच्या बरणीत घालून समितीपुढे ठेवतील. बरणीतला मासा कोणी नाकारणार नाही.

कान्होजींनी मडक्यावर हात ठेवला.

"साहेब, बरणीत दोन्ही डोळे पांढरे होतात. समिती लिहील, आँख है ही नहीं."

साहेबांना हे माहीत होतं. घाईत विसरले होते. त्यांनी खिशातून कागद काढला, डब्याच्या दाराला टेकवून लिहिला, सही केली. मैंने स्वयं देखी। आँख ठीक लगी है। गाडी हलली. त्यांनी चढता चढता कागद मला दाखवला, खिशात ठेवला आणि हात केला. मला नाही, कान्होजींना.

मासा आम्ही सागरतालात सोडला. घरी पोचलो तेव्हा विजयाबाई म्हणाल्या, "सोडलात? मी तर पातेलं घासून ठेवलं होतं."

*

ऑगस्टमध्ये निकाल आला. पद इंदूरच्या माणसाला मिळालं. चिठ्ठी यादीला जोडली गेली होती, पण शेरा तसाच होता. दोन्ही प्रतींवर सह्या झाल्यावर यादीतलं काही खोडता येत नाही. समितीनं यादी वाचली. जोडलेले कागद कुणी वाचत नाही, हे मला तेव्हा कळलं. आता मीही तेच करतो.

कान्होजींना मुदतीआधी घरी बसवण्यात आलं. मी हुकूम वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "ओळ?"

"राहिली."

"हं," ते म्हणाले.

भटनागर साहेबांनी त्यांच्या हातात होतं तेवढं केलं. मासे कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या वर्गाला देण्यात आले, आणि साहेबांनी इंदूरहून पत्र पाठवून लिहिलं की सतरा नंबरचा मासा भिंतीला लावू नये, छताला टांगावा, दोन तारांनी, दोन्ही बाजू दिसतील असा. तो टांगायला कान्होजी स्वतः गेले होते. शिडीवर चढून त्यांनी पोटाजवळचे टाके रंगानं झाकले. पाटी काढल्यावर मासा हलका झाला होता आणि वाऱ्यानं हळू फिरे.

नंतर ते सराफा बाजारात खडे बसवणाऱ्याकडे बसू लागले. फिक्या खड्यामागे वर्ख देऊन त्यात चमक आणायची, हे काम. वर्ख, काच, मागची बाजू. त्यांना जमणारच होतं. पण खडा बघून झाला की ते तो बाजूला ठेवत, हातात धरून राहत नसत.

ओळीबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. मी दर आठवड्याला जात होतो आणि ती ओळ दर वेळी माझ्याबरोबर खाटेवर बसत होती.

*

सहा वर्षांनी मध्य भारतही गेला. १९५६च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळ, एकच, बारा महिने. पुन्हा खोकी आली. जुन्या याद्या नव्या नमुन्यात उतरवायच्या होत्या, कारण जुन्या यादीत रकाने कमी होते. मी तोवर कायम झालो होतो, लग्न झालं होतं. शिकारखान्याची यादी माझ्या टेबलावर यावी म्हणून मी तिघांना चहा पाजला.

पान उघडलं. माझंच अक्षर. सुंदर.

नव्या यादीत जुन्यातलं जसंच्या तसं उतरवायचं असतं. पण जोडलेले कागदही यादीचा भाग धरावेत असा एक नियम आहे. तो कुणी वापरत नाही. मी वापरला. चिठ्ठीचा नंबर घातला आणि सतराव्या नोंदीपुढे लिहिलं: महाशीर, एक। दाहिनी आँख सुनहरी, बाईं आँख कंजी। दोनों सही।

माझ्या साहेबाची सही व्हायच्या आधी मी ते पान घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवून दौलतगंजात घेऊन गेलो. तसं नेणं नियमात बसत नाही.

कान्होजी नुकतेच सराफ्यातून आले होते. विजयाबाई गहू निवडत होत्या. मी वाचून दाखवलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

विजयाबाईंचे हात थांबले. मला वाटलं, कान्होजींचे डोळे भरून येतील. माझे आले होते.

"सुनहरी नाही," ते म्हणाले.

"काय?"

"सुनहरी म्हणजे वर्ख. नुसता वर्ख नव्हता तो. तांबूस कड होती, आत सोनं. तसं लिहा."

"काका, खाडाखोड चालत नाही. एक अक्षर खोडलं तर पान बाद होतं."

"मग पान नवं लिहा."

"एका पानावर तेवीस नोंदी आहेत."

"मी एकतीस मासे केले," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी."

विजयाबाई पुन्हा गहू निवडू लागल्या. "लिहा हो, लिहा," त्या म्हणाल्या. "नाही तर हे मला झोपू देणार नाहीत."

मी पेन काढलं. पुठ्ठा मांडीवर घेतला, पाठकोरा कागद वर ठेवला. लिहिलं, तांबूस कड, आत सोनेरी.

"आता दुसरा," ते म्हणाले. "कंजी म्हणजे किती कंजी? केवटाला कंजी पुरतं. यादीला पुरत नाही."

"तुम्ही सांगा."

"इकडे या. खिडकीत."

मी उठून गेलो. चार वाजले असतील, समोरच्या भिंतीवर ऊन होतं आणि खोलीत चांगला उजेड होता. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड फिरवलं.

"लिहा," ते म्हणाले. "करडा. बाहुलीजवळ पिवळट. बाहेर हिरवा होत जातो."

मी न बघता खिडकीच्या मांडीएवढ्या उंच कठड्यावर कागद धरून लिहीत होतो. अक्षर वेडंवाकडं येत होतं.

"हलू नका, बीए," ते म्हणाले. "अजून कड राहिली आहे."